सोळा वर्षं आणि एकवीस क्रियापदं

इंग्रजीत वेळ एकवीस प्रकारांनी जातो. हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तोपर्यंत माझा बराचसा वेळ मराठीतच निघून गेला होता.

त्याचं असं झालं. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या कर्वेनगरच्या घरापासून स्कूटरनं पंधरा मिनिटांवर एक इंटरनॅशनल शाळा आहे. (इंटरनॅशनल म्हणजे तिथल्या कॅन्टीनमध्ये पोहे मिळतात, पण वर खोबरं-कोथिंबीर मागितली की मंडळी चपापतात.) त्या शाळेला ग्रंथालयात सहायक हवी होती. जाहिरात माझ्या लेकीनं, तेजूनं, फोनवर दाखवली.

"आई, हे तुझं आहे," ती म्हणाली.

"माझं कसलं! सोळा वर्षं झाली मला हे काम सोडून."

"मग काय झालं? पुस्तकं तशीच उभी असतात अजून."

तेजू होण्याआधी चार वर्षं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. मग तेजू झाली. मग सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग दुसऱ्या गुडघ्यानंही हक्क मागितला. मग "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू," असं म्हणता म्हणता तेजू अकरावीत गेली आणि मी होते तिथेच राहिले.

मला ती नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती. घरात मी सगळ्यांना लागायचे. चष्मा, चार्जर, गॅसवाल्याचा नंबर, सगळ्यांचा पत्ता माझ्याकडे. पण माझी वाट कोणी पाहत नसे, कारण मी कधी कुठे गेलेलीच नसे! घराबाहेर कुठेतरी आपली एक खुर्ची असावी आणि आपण गेलो नाही तर ती रिकामी दिसावी, एवढंच मला वाटत होतं. अर्ज केला, आणि चक्क मुलाखतीचं बोलावणं आलं. घरी बसून कॉम्प्युटरवर द्यायची, इंग्रजीतून.

"ते गॅपबद्दल विचारणार म्हणजे विचारणार," तेजू म्हणाली. "सोळा वर्षं कशी गेली, असं विचारलं तर काय सांगशील?"

मी पदर सावरला, घसा साफ केला आणि सांगितलं, "सिक्स्टीन इयर्स वेंट."

"वेंट? आई, असं वाटतं की सोळा वर्षं दळण आणायला गेली आणि परतच आली नाहीत!"

मग तिनं मला समजावलं, की इंग्रजीत वेळ नुसता जात नाही. तो कसा गेला ते क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं. भुर्रकन गेला तर 'फ्लाय बाय'. कळलंच नाही, हातातून निसटला, तर 'स्लिप अवे'. रखडत गेला तर 'ड्रॅग ऑन'. अशी एकवीस तिनं वहीच्या कागदावर लिहून दिली, आणि तो कागद मी फ्रिजवर लावला. तिथेच माझी चूक झाली. कारण आमच्या घरात फ्रिजवर जे लागतं ते सार्वजनिक होतं.

कागद पहिल्यांदा नानांनी वाचला. नाना म्हणजे माझे सासरे. ते स्वारगेटच्या बसस्टँडवर चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाडी फलाटाला लावून घ्यायची, नोंद करायची, लाउडस्पीकरवरून पुकारायची आणि वेळेवर सोडायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. नानांनी बाथरूममधून टॉवेल मागितला तर समोरच्या इमारतीतून दोन टॉवेल येतील, असा तो आवाज!

"हे वेळेचं काम आहे ना?" त्यांनी कागद फ्रिजवरून काढला. "मग ते माझ्याकडे द्या."

"अहो, ते इंग्रजीचं काम आहे," सासूबाई म्हणाल्या.

"इंग्रजी तेजू बघेल. वेळ मी बघतो."

अशा रीतीनं समिती स्थापन झाली. आमचे हे तेवढे समितीत नव्हते. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की या प्रकरणात आपली काहीही भूमिका नाही, आणि ते मुलाखत संपेपर्यंत त्या शब्दाला जागले.

समितीपुढचा पहिला प्रश्न होता, माझी सोळा वर्षं नेमकी कशी गेली? वाटतो तितका हा सोपा प्रश्न नाही, विशेषतः ती वर्षं ज्यांच्या घरात गेली ते समोर बसून चहा पीत असताना!

"ड्रॅग ऑन म्हणू का?" मी भीत भीत विचारलं. "मधली काही वर्षं जरा..."

"ड्रॅग ऑन म्हणजे?" सासूबाई.

"रखडत," तेजूनं तत्परतेनं सांगितलं.

"म्हणजे आमच्याकडे तू रखडलीस."

"नाही हो आई! मग फ्लाय बाय म्हणते. उडून गेली."

"म्हणजे काही केलंच नाहीस," तेजू म्हणाली. "शाळेला वाटेल, सोळा वर्षं झोपली होती."

"आणि माझे दोन गुडघे काय उडत उडत बरे झाले?" सासूबाईंनी विचारलं.

स्लिप अवे म्हणावं तर निष्काळजीपणा दिसत होता. शेवटी नानांनी चौथ्या नंबरवर बोट ठेवलं. 'रोल बाय'. वर्षं आपल्या गतीनं, एकामागून एक गेली. "ही बरोबर," नाना म्हणाले. "साधी गाडी. सगळे थांबे घेत, कुणाला मागे न ठेवता, मुक्कामी पोचली. तुझी सोळा वर्षं या गाडीनं गेली, सुजाता." मला ते ऐकून एकदम भरून आलं. सोळा वर्षांत माझ्या कामाचं इतकं नीट वर्णन कुणी केलं नव्हतं, आणि ते करायला बसस्टँड लागला.

इथे थांबलो असतो तर सगळं छान झालं असतं. पण नाना थांबणाऱ्यांतले नव्हते. "लक्षात राहायला फलक पाहिजे," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसबा पेठेत गेले. तिथे त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे पेंटर होते, पूर्वी फलाटांच्या पाट्या रंगवणारे. चार दिवसांनी पुन्हा तिकडे जाऊन नाना परत आले ते चार फूट बाय तीन फुटांचा पत्र्याचा बोर्ड घेऊन! पिवळ्यावर काळी अक्षरं. बसमध्ये गर्दी होती म्हणून बोर्डाला सीटवर बसवलं होतं आणि स्वतः उभे राहून आले होते.

बोर्डावर रकाने होते: क्रमांक, क्रियापद, गाडीचा प्रकार. 'फ्लाय बाय' पुढे लिहिलं होतं, विनाथांबा. 'स्लिप अवे' पुढे, पुकारा न होता निघालेली. 'ड्रॅग ऑन' पुढे, घाटात ट्रकमागे. 'टिक अवे' पुढे, इंजिन चालू, ड्रायव्हर चहाला. 'क्रीप अप' पुढे, मागून गुपचूप येऊन उभी राहिलेली. आणि एकविसाव्या 'रन आउट' पुढे, शेवटची गेली, प्रवाशांनी घरी जावे. पेंटरांनी आपल्या मनानं, सवयीप्रमाणे, खाली एक ओळही जोडून दिली होती: 'वेळापत्रकात आयत्या वेळी बदल होऊ शकतो.'

"नाना, हे कागदावरही चाललं असतं," मी म्हटलं.

"कागद उडतो," ते म्हणाले, आणि जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीत त्यांनी चार खिळे ठोकले.

त्या दिवसापासून आमच्याकडे रोज संध्याकाळी बुद्धवंदना झाली की लगेच क्रियापदं सुरू होऊ लागली. नानांचं म्हणणं, मन स्थिर असतं तेव्हा पाठांतर पक्कं होतं. वंदना संपली, अगरबत्तीचा वास अजून घरात आहे, आणि आम्ही चौघं तसेच रांगेत उभे राहून एका सुरात, "फ्लाय बाय, स्लिप अवे, ड्रॅग ऑन, रोल बाय..." असे एकविसापर्यंत! नाना हातानं ताल धरत. तेजूला आधी लाज वाटायची, मग तिनंच चाल लावली. सासूबाई "मला काय करायचंय तुमच्या इंग्रजीचं," म्हणत उभ्या राहायच्या आणि आठवड्याभरात त्याच सगळ्यांत बिनचूक म्हणायला लागल्या.

एकदा मात्र क्रियापदं संपल्यावर त्या तिथेच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझी अठ्ठेचाळीस वर्षं कशी गेली ते कुणी विचारलं नाही. मराठीतसुद्धा."

नाना बोर्डाकडे बघत राहिले. मग त्यांच्या मानानं फार हळू विचारलं, "कशी गेली?"

"तुमची ड्यूटी कधी सुटते ते बघण्यात," त्या म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या. पाठोपाठ नानाही स्वयंपाकघरात गेले आणि कुणी सांगितलं नसताना कांदा चिरायला बसले. तसं त्यांना कांदा चिरताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मुलाखतीच्या दोन दिवस आधी तेजूनं माझी परीक्षा घेतली तेव्हा एक भयंकर गोष्ट उघडकीला आली.

"आई, सातवं कुठलं?"

मी डोळे मिटले. "फ्लाय बाय, स्लिप अवे, ड्रॅग ऑन..."

"पहिल्यापासून नको. फक्त सातवं."

येईना! मला काही केल्या मधूनच म्हणता येईना. पाढे म्हणताना सतरा साते विचारलं की आपण मनातल्या मनात सतरा एकेपासून निघतो, तसं माझं झालं होतं. बरं, निघाल्यावर मध्ये थांबताही येत नव्हतं. आमच्याकडे एकविसाच्या आधी कुणी कधी थांबलंच नव्हतं.

"बरोबरच आहे," नाना म्हणाले. "गाडी मधल्या थांब्यावरून कशी सुटेल? ती आगारातूनच सुटणार. तू काळजी करू नकोस. मी समोर उभा राहून चार बोटं दाखवतो. तू मनात एकपासून निघ, चारवर ब्रेक लाव आणि तेवढंच मोठ्यानं बोल."

"तुम्ही समोर उभे राहायचं नाही," तेजूनं बजावलं.

"मी लॅपटॉपच्या मागे असेन. त्याला मागचं दिसतं का? नाही ना? मग झालं तर."

मुलाखतीचा दिवस उजाडला. अकराची वेळ होती. तेजूनं सकाळीच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिला. बोर्ड माझ्या समोर येईल अशी खुर्ची ठेवली आणि ती कॉलेजला गेली. हे कामावर गेले. (रोजच्यापेक्षा अर्धा तास लवकर!) नानांनी त्यांचा ड्यूटीचा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला. मी आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या करत मनातल्या मनात म्हणत होते, एकपासून निघ, चारवर थांब.

आणि तेवढ्यात सासूबाईंना एक विचार सुचला. मी ज्या खुर्चीत बसणार होते तिच्या मागे आमचं चपलांचं कपाट होतं.

"शाळेच्या बाईंना पहिल्यांदा आपल्या चपला दिसणार?" त्यांनी नानांना विचारलं. "चला, टेबल फिरवा."

दोघांनी मिळून टेबल फिरवलं, खुर्ची फिरवली, लॅपटॉप फिरवला. मी अकराला दोन मिनिटं कमी असताना धावत येऊन बसले. समोर पाहते तो चपला! बोर्ड कुठे गेला हे विचारायला तोंड उघडलं आणि पडद्यावर माणसं उगवली. एक बाई, त्या मुख्याध्यापिका, आणि त्यांच्या शेजारी टाय लावलेले एक सर. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मी दिसत होते, आणि माझ्या डोक्यामागे, अगदी ठळक, स्वच्छ, चार फूट बाय तीन फूट, पिवळ्यावर काळा, आमचा बोर्ड.

चपलांच्या कपाटाला पाठ लावून नाना उभे होते. त्यांनी अंगठा उंचावून सगळं ठीक असल्याची खूण केली.

सुरुवात बरी झाली. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, कॉलेजच्या ग्रंथालयाबद्दल दोन वाक्यं आली. मला वाटायला लागलं, अगं, हे जमतंय तुला! मग मुख्याध्यापिकाबाई पुढे झुकल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, "सो सुजाता, सिक्स्टीन इयर्स ॲट होम. हाउ डिड दोज इयर्स गो?"

आला! नानांची चार बोटं वर गेली. मी आगारातून निघाले. पण घाबरल्यामुळे मनातल्या मनात निघायचं विसरले आणि मोठ्यानंच निघाले.

"मॅडम, द इयर्स फ्लाय बाय, स्लिप अवे, ड्रॅग ऑन, रोल बाय," इथे मी ब्रेक दाबला. लागला नाही! "टिक अवे, वेअर ऑन, क्रॉल बाय, क्रीप अप..." नानांची चार बोटं आता हवेत जोरजोरात हलत होती. स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई ओठांनी माझ्याबरोबर म्हणत होत्या. मी एकविसाव्या 'रन आउट' ला जाऊन थांबले आणि सवयीनं हात जोडले.

मग पलीकडून ते सर म्हणाले, "सो... डिड दे फ्लाय, ऑर डिड दे ड्रॅग?"

आता नानांना राहवलं नाही. त्यांनी मला कुजबुजत सांगितलं. नानांची कुजबुज! चौतीस वर्षं बारा फलाट आणि दीडशे इंजिनांवरून पोचलेला आवाज तो!

"सुजाता, चार नंबर! चार नंबरला थांब!"

लॅपटॉप हलला. बाई म्हणाल्या, "इज समवन देअर विथ यू?"

"नो, मॅडम," मी म्हटलं.

"खोलीत कोणीही नाही!" नानांनी पुकारलं.

मी डोळे मिटून घेतले. सोळा वर्षांनी आलेली एकच संधी, आणि ती मला डोळ्यांदेखत निघून जाताना दिसत होती. कुठल्या नंबरनं जात होती तेही पाठ होतं. इतक्यात कानावर हसू आलं. डोळे उघडले तर बाई चष्मा वर करून पडद्याला नाक लावून काहीतरी वाचत होत्या.

"इंजिन चालू, ड्रायव्हर चहाला!" त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या. "अहो, हे तुमच्या मागे काय आहे? कुणी लिहिलंय?"

"कोण लिहिणार? हेच उद्योग असतात यांना," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

आता लपण्यात अर्थ नव्हता. नाना शर्टाची कॉलर नीट करून लॅपटॉपच्या पुढे आले, माझ्या खुर्चीशेजारी वाकले आणि म्हणाले, "नमस्कार. माजी वाहतूक नियंत्रक, स्वारगेट. विचारा."

आणि त्यांनी विचारलं! घाटात ट्रकमागे म्हणजे कुठल्या घाटात, गर्दीत गाड्या कशा सोडायचात, एकाच वेळी पाच गाड्या सुटायच्या असतील तर आधी कोणती, सगळं विचारलं. नाना फुलले. दिवाळीच्या गर्दीत हरवलेली पोरं आईबापांपर्यंत कशी पोचवली ते सांगताना तर त्यांनी प्रत्यक्ष पुकारा करून दाखवला. टायवाले सर टाय सैल करून ऐकत होते. सासूबाई पदराला हात पुसत आल्या आणि "यांच्या डब्याला रोज सकाळी मी उठायचे ते पण सांगा," म्हणत दुसऱ्या बाजूनं वाकल्या. त्या छोट्या चौकोनात नाना होते, सासूबाई होत्या, दोघांच्या मध्ये बोर्ड होता. मी सरकत सरकत कडेला गेले होते. माझ्या मुलाखतीत शेवटची दहा मिनिटं माझं फक्त कोपर होतं.

"अरे, वेळ संपली की आपली," बाई हसत म्हणाल्या. "थँक यू, आजोबा. थँक यू, आजी." मग जरा शोधून, "आणि थँक यू, सुजाता."

पडदा बंद झाला. नाना आणि सासूबाई खुशीत होते. "छान झालं," नाना म्हणाले. "बाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत."

मी सोळा वर्षांत त्यांना उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, "नाना, इतकी वर्षं मी तुमच्या सगळ्यांबरोबरच होते. आज अर्धा तास मला एकटीला हवा होता." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, कारण नानांचा चेहरा असा उतरला, की मला माझंच बोलणं ऐकवेना.

त्या संध्याकाळी वंदना झाली आणि आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. कुणी 'फ्लाय' म्हटलं नाही. इतकं ओकंबोकं वाटलं म्हणून सांगू! नानांनी स्टूल घेतलं, बोर्डाचे खिळे उपटले आणि बोर्ड कॉटखाली सरकवला. मग माझ्याजवळ येऊन, खरोखर हळू आवाजात, म्हणाले, "चौतीस वर्षं गाड्या सोडल्या मी. सोडायच्या असतात, त्यात चढायचं नसतं, हे मला कळतं. तुझी एक गाडी सोडायला आलो आणि स्वतःच आत जाऊन बसलो. चुकलं माझं."

मी रडले. सासूबाईही रडल्या. तेजू कॉलेजमधून आलेली, तिला काही माहीत नव्हतं, तीही आमच्याकडे बघून रडली. मग नानांनी पुकारलं, "चहा!" आणि तो सासूबाईंनीच करावा लागला.

पाच दिवसांनी शाळेतून फोन आला. समक्ष येऊन भेटा. मी अधीर होऊन गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचे सासरे दुपारी मोकळे असतात का?"

मी पाणी अर्ध्यात ठेवलं. त्यांच्या शाळेच्या चौदा बसेस तीन वाजता एकदम सुटायच्या आणि रोज दोन-तीन मुलं चुकीच्या बसमध्ये बसायची. त्यांना माणूस हवा होता, बस पुकारून सोडणारा. "असा आवाज आम्ही कुठे शोधणार?" त्या म्हणाल्या. "आणि तुमचा अर्ज आहेच. विचार चालू आहे." मला खरं सांगायचं तर आधी हेवा वाटला, मग हसू आलं. मुलाखत मी दिली होती, आणि नोकरी शहात्तर वर्षांच्या माणसाला लागली होती!

नानांना घरी सांगितलं तेव्हा ते नको म्हणाले. "आधी तुझं," असं दोनदा म्हणाले. मीच त्यांना स्कूटरवर बसवलं. रोज अडीचला त्यांना सोडायचं, साडेतीनला आणायचं. मधला तासभर मी कुठे बसणार? ग्रंथालयात. नुसतं बसून कसं राहणार? उलटी लागलेली पुस्तकं सुलट केली. मग फाटलेली चिकटवली. मग मुलं मलाच येऊन विचारायला लागली. एका तिमाहीनंतर तिथल्या ग्रंथपाल बाई मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, "या रोज येतातच, तर ठेवून का घेत नाही यांना?" आणि मला ठेवून घेतलं. इंग्रजीचं एक वाक्य न विचारता!

आता नाना ब्याऐंशीचे आहेत, घरीच असतात. तेजू शिकायला बाहेरगावी आहे. संध्याकाळची वंदना आम्ही तिघंच म्हणतो, हे आले तर चौघं. ती संपली, की कधीकधी सासूबाई हळूच 'फ्लाय बाय' सुरू करतात आणि एकविसापर्यंत जातात. मला ते दिवस फार आठवतात. पुन्हा एकदा तो सगळा गोंधळ झाला, तर मी माझा अर्धा तास हसत देऊन टाकीन.

पण नोकरीचा पहिला दिवस सांगायचा राहिलाच. तोपर्यंत नानांना सकाळीही बोलावू लागले होते. फाटकाशी टेबल, खुर्ची, आणि बसेसच्या येण्याची नोंदवही. वहीत पानं पुष्कळ उरतात म्हणून त्यांनी आपल्या मनानं शिक्षकांच्या वेळाही लिहायला घेतल्या होत्या, आणि शाळेलाही ते आवडलं होतं. आम्ही दोघं ठीक आठला फाटकाशी पोचलो. नाना उतरले आणि खुर्चीत जाऊन बसले. मी स्कूटर मागच्या बाजूला लावली, हेल्मेट काढलं, केस नीट केले आणि अगदी ऐटीत फाटकातून आत शिरले. नानांनी मान वर केली, घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं, आणि माझ्या नावापुढे लाल शाईनं लिहिलं: दोन मिनिटं उशीर.